शेवटची लोकल, पहिली लोकल : गाडीविना मैफली गाठणाऱ्यांचे अनुभव

ज्यांच्या घरी चारचाकी नाही आणि तरीही जे समोर बसून गाणं ऐकायला जातात, त्या सगळ्यांना आमंत्रण. मैफलीचं कळतं कसं, जाता कसे आणि मुख्य म्हणजे परत कसे येता, ते सविस्तर लिहा.

सुरुवात मी करते. मी दादरला राहते. कलाकार ठरला की माझा पुढचा प्रश्न एकच, कार्यक्रम संपणार किती वाजता? अंतर फारसं आड येत नाही, परतीची वेळ येते. माटुंगा रोड स्टेशनजवळचं दादर-माटुंगा कल्चरल सेंटर मला चालत गाठता येतं, म्हणून तिथे कोण गातंय हे फार न बघताही जाते. कितीतरी नवे आवाज मला असेच मिळाले.

डोंबिवलीहून

आमच्या वेळापत्रकात द्रुत बंदिशीपेक्षा फास्ट लोकल महत्त्वाची. षण्मुखानंद सभागृहात जायचं तर सायनला उतरतो आणि चालतो. परतताना कार्यक्रम लांबला की जिवाची घालमेल होते. उठावं तर गायकाचा अपमान, बसावं तर घर गाठायला मध्यरात्र. म्हणून मी कडेची खुर्ची घेतो आणि उठायचंच झालं तर दोन रागांच्या मधे उठतो. चालू आलापीत उठणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, तेवढी पाच मिनिटं थांबा.

आणि गाणं लोकलमध्येही आहेच की. सकाळच्या गाडीतली भजनी मंडळं कुणाला माहीत नाहीत? टाळ, ढोलकी, डब्यातला एक ठरलेला कोपरा. आमच्या डब्यातले एक काका अभंग असा उचलतात की घाटकोपर कधी आलं कळत नाही. जवळच्या मैफलींची पहिली बातमीही मला त्यांच्याकडूनच मिळते.

गिरगावातून, वय ७४

ट्राम १९६४ला बंद झाली तेव्हा मी शाळेत होतो. त्या काळी शेवटच्या गाडीची चिंता नव्हती, कारण बैठक रात्रभर चाले. गणपतीत रस्त्यावर सतरंज्या पडत, मोठे गवई मध्यरात्रीनंतर खुलत आणि शेवटची भैरवी होईपर्यंत चर्नी रोडहून पहिली गाडी सुटायची वेळ झालेली असे. लांबून आलेले लोक तिने घरी जात आणि अंघोळ करून तसेच कामावर.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद झाले. बंदिस्त सभागृहांना ती अट नाही, पण उघड्या मांडवातली रात्र संपली. आजारी आणि म्हाताऱ्या माणसांची झोप मोडू नये हे मलाही पटतं. तरी मध्यरात्रीचा, ऐन रंगात आलेला दरबारी राग आता किती जणांच्या कानावर पडतो? साडेनऊला घड्याळाकडे बघत गायलेला मालकंस, तोही मध्यरात्रीचाच राग, मला पुरत नाही.

ठाण्याहून, तानपुऱ्याची साथ करते

ऐकणाऱ्यांचं झालं, वाजवणाऱ्यांचंही ऐका. गवसणीत घातलेला तानपुरा घेऊन लोकलने जाणं म्हणजे भोपळ्याला धक्का लागू नये यासाठी सगळं अंग आड घालणं. मी दुपारच्या रिकाम्या गाडीने निघते, मग कार्यक्रम संध्याकाळी सातचा का असेना. रात्री मालडबा. तिथे मासळीच्या टोपल्या घेऊन बसणाऱ्या मावश्या आपणहून भिंतीकडची जागा देतात. आयोजकांनी साथीदारांच्या परतीची सोय विचारावी, एवढंच सांगणं आहे. पुष्कळ जण विचारतात, पण सगळे नाही.

पुण्याहून

सवाई गंधर्व संगीत महोत्सव १९५३पासून चालू आहे, २०१८ला रमणबाग शाळेच्या मैदानातून मुकुंदनगरला गेला. पेठेत राहणाऱ्या आम्हाला ते जड गेलं, कारण रमणबाग म्हणजे घरचं अंगण. सप्टेंबर २०२४मध्ये मेट्रो स्वारगेटपर्यंत आली आणि पिंपरीकडच्या श्रोत्यांचा रस्ता सुकर झाला. आता संपल्यावर स्वारगेटपर्यंत गप्पा मारत चालणारे घोळके दिसतात. शनिवारी ध्वनिक्षेपकाला बारापर्यंत खास परवानगी असते, त्या रात्री मेट्रो नाही. रिक्षा तिघांत वाटून घ्या. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला "कुठे राहता?" हे मध्यंतरातच विचारून ठेवा.

मिरजेहून

आमच्याकडे मैफल स्टेशनाच्या गावातच आहे. मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. ते १९३७ला गेले, त्यांची कबर दर्ग्याच्या आवारातच आहे. मुंबईहून महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळी उतरा. तिकीट नाही, पास नाही, मानकरी-बिनमानकरी नाही. दिवसा सतारमेकरांच्या गल्लीत फिरा. तिथले कारागीर तार जुळवता जुळवता सांगतील, यंदा कोण चांगलं गातंय. कुठल्याही जाहिरातीपेक्षा मी त्यांचं ऐकतो.

फोंड्याहून

गोव्यात गाणं घरोघरी आणि देवळादेवळांत, पण रात्री आठनंतर बस मिळेलच असं नाही. पणजीला कला अकादमीत मैफल असली की आम्ही गावातले पाच-सहा जण मिळून एक वाहन ठरवतो. एकट्याने जायचं तर परतीला पायलटच्या, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलीवर मागे बसतो.

चेन्नईहून, मूळ साताऱ्याची

नोकरीमुळे इथे आले. मार्गळीच्या मोसमात, म्हणजे डिसेंबरात, सभांमध्ये, म्हणजे इथल्या संगीतसंस्थांत, सकाळपासून कचेऱ्या (मैफली) असतात आणि सकाळ-दुपारच्या पुष्कळशा विनामूल्य. दुपारी नवे कलाकार गातात. म्युझिक अकादमी आणि नारद गान सभा एकाच टीटीके रोडवर, त्यामुळे एकीतून उठून दुसरीत चालत जाते. मधे सभेच्या कँटीनमध्ये जेवण. उजेडात घरी पोचते. हिंदुस्थानीवर वाढलेल्या माझ्या कानांना ताल हातावर धरायला शेजारच्या आजींनी शिकवलं.

डोंबिवलीकर पुन्हा

चेन्नईच्या ताईंचं वाचून आठवलं : दिवाळी पहाट आणि रविवार सकाळच्या मैफली! पहाटेच्या लोकलमध्ये बसायला जागा मिळते, भैरव-तोडी हे सकाळचे राग आपल्या वेळेला ऐकायला मिळतात आणि मेगाब्लॉक लागायच्या आत घरी.

नेरूळहून, वसतिगृहात राहतो

पैसे बेताचे आहेत, मुंबई नवी आहे. कुठून सुरू करू?

दादरहून

षण्मुखानंदपासून. जवळपास पावणेतीन हजार खुर्च्या आहेत, वरच्या बाल्कनीचं तिकीट सगळ्यांत स्वस्त असतं आणि आवाज तिथेही नीट पोचतो. तुला सायनपर्यंत यायची गरज नाही. हार्बरने वडाळ्याला ये, तिथे गोरेगावची गाडी धर, पुढचंच स्टेशन किंग्ज सर्कल. परतीची पनवेल गाडी किती वाजता आहे ते आत जाण्याआधी बघून ठेव. कार्यक्रम ठरला की इथे कळव, आमच्यापैकी कुणीतरी असेलच.