अनुभव धागा : नोलानचा 'फॉलोइंग' तुम्ही कधी पाहिलात, आणि आज कसा वाटला?

गेल्या रविवारी भाचीबरोबर 'फॉलोइंग' पुन्हा पाहिला. ती अकरावीत आहे. 'इन्सेप्शन', 'इंटरस्टेलर', 'ओपनहायमर' करत करत ख्रिस्तोफर नोलानची भक्त झालेली. त्याचा पहिला सिनेमा कृष्णधवल आहे म्हटल्यावर तिचा पहिला प्रश्न, "म्हणजे खूप जुना?" १९९८चा. तिच्या हिशेबात शिवकालीनच.

पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. लंडनमधला एक बेकार तरुण. लेखक व्हायचंय, लिहून काही होत नाही, म्हणून रस्त्यावरच्या अनोळखी माणसांच्या मागे मागे फिरतो. कोण कुठे जातं, काय करतं, नुसतं बघायला. एकाच माणसामागे दोनदा जायचं नाही हा नियम त्यानेच घातलेला आणि त्यानेच मोडलेला. मग ज्याच्या मागावर तो असतो तो कॉब एक दिवस कॅफेत सरळ त्याच्या टेबलाशी येऊन बसतो. कॉब घरफोड्या करतो, पण पैशांपेक्षा लोकांच्या खाजगीत हात घालायची त्याला चटक. पुढे एक सोनेरी केसांची बाई, एक टकला गुंड आणि एक हातोडी. यापुढचं सगळं खाली फुटणार आहे, तेव्हा कोरा पाहायचा असेल त्यांनी इथूनच परत फिरा. जेमतेम ७० मिनिटांचा आहे, पाहून या.

खर्च सुमारे ६,००० डॉलर. सगळे नोकरदार, त्यामुळे शूटिंग शनिवारी, असं जवळपास वर्षभर. कॅमेरा नोलानच्याच हातात, १६ मिमीची फिल्म त्याच्या पगारातून, घरं आईवडिलांची नि मित्रांची, आणि पोलिसाच्या भूमिकेत सख्खा काका, जॉन नोलान. माझं मत आधीच सांगून टाकतो: हा सिनेमा टिकलाय कारण त्याने आपली गरिबी झाकली नाही. दिवे नव्हते म्हणून खिडकीच्या उजेडात शूट केलं, आणि परक्याच्या घरात चोरून शिरलेली माणसं खिडकीच्याच उजेडात वावरणार ना!

भाचीने मात्र मला गार केलं. सिनेमात गोष्ट सरळ कालक्रमाने येत नाही, मागेपुढे उड्या मारते. ही विसाव्या मिनिटाला म्हणाली, "मामा, केस बघ. वाढलेले म्हणजे आधीचं, कापलेले आणि सूट घातलेला म्हणजे मधलं, तोंड सुजलेलं म्हणजे नंतरचं." मला हे दुसऱ्यांदा पाहताना कळलं होतं. नायकाच्या दारावरचा बॅटमॅनचा स्टिकर दिसल्यावर तर ती सोफ्यावरून उठलीच. 'बॅटमॅन बिगिन्स' २००५चा!

लिहा आता. कौतुकच हवं असं नाही.

मिरजेहून, फोटोग्राफर

मी लग्नाचे फोटो काढायचो, १९८८पासून. आता मुलगा काढतो. तो एका लग्नात तीन हजार फोटो काढून येतो आणि मग आठवडाभर डोकं धरून बसतो. आमच्या वेळी रोलला ३६. पार्टी दोन रोलचे पैसे द्यायची, तिसरा आपल्या जिवावर. सप्तपदी सुरू व्हायची आणि काउंटरवर ३२ दिसायचे. चारच शिल्लक. बॅगेतला रोल चढवायला वेळ नाही, भटजी थांबत नाहीत. मग तुम्ही डोळा लावून नुसते उभे राहता. बोट बटणावर, पण दाबत नाही. कुठल्या पावलाला नवरीची मान वळेल ते आधी ओळखावं लागतं.

हा सिनेमा मुलाने दाखवला. इंग्रजी मला निम्मं कळलं, गोष्ट त्याने सांगितली. पण बघताना वाटत राहिलं की या दिग्दर्शक पोराच्या काउंटरवर कायम ३२च आहेत. एकही शॉट उगाच लांबवलेला नाही. नंतर मुलगा म्हणाला की महागडी फिल्म वाया जाऊ नये म्हणून आधी भरपूर तालमी करून ते एकदोन टेकमध्ये शॉट उरकायचे. म्हटलं, मला सांगू नकोस.

पुण्याहून

मिरजकर काकांच्या तालमीवरून आठवलं. आम्ही कॉलेजात एकांकिका करायचो. स्पर्धेच्या आधी दोन महिने रोज रात्री, पार्किंगमध्ये, सेट म्हणून दोन बाकं आणि एक पंखा (पंखा मोडका, पण भूमिकेला लागायचा). इतक्या तालमी झाल्या की समोरच्याने वाक्य गाळलं तरी आपलं अडत नाही. 'फॉलोइंग'मधला नायक जेरेमी थिओबाल्ड आणि कॉब झालेला अ‍ॅलेक्स हॉ यांच्यात मला तेच दिसतं. बोलणं घासूनपुसून गुळगुळीत झालंय, एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचा श्वास सुरू होतो. सिनेमावाल्यांना हे नाटकी वाटेल. मला त्यात कॉब दिसतो, कारण कॉब स्वतःच पाठ केलेलं बोलतोय. त्या मुलाला खुनात अडकवायचा सगळा डाव आधी बसवलेला आहे, फक्त एका नटाला आपण नाटकात आहोत हे माहीत नाही. दुसऱ्यांदा पाहताना हॉचा प्रत्येक पॉज वेगळा ऐकू येतो.

ठाण्याहून

मला झोप लागली. प्रामाणिकपणे सांगितलं.

नाशिकहून

मला सिनेमातलं फार कळत नाही. तरी लिहिते, कारण आमच्याकडे चोरी झाली होती.

आम्ही गावाला जत्रेला गेलो होतो, तीन दिवस. परत आलो तर कोयंडा उचकटलेला. सोनं बँकेच्या लॉकरमध्ये होतं, त्यामुळे तसं फार गेलं नाही. कपाटातले चार हजार, चांदीची निरांजनं, ह्यांचं एक घड्याळ. शेजारचे म्हणाले, "वहिनी, थोडक्यात वाचलात." मीही तेच म्हणत होते. मग स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर एक पेला होता. कुणीतरी फिल्टरचं पाणी प्यायलं होतं आणि पेला विसळून उपडा ठेवला होता. आमच्या घरात कुणी पेला विसळून ठेवत नाही हो! चार हजारांचं मी विसरले, त्या पेल्याचं आजही नाही. टाकूनच दिला शेवटी.

आणि पलंगावर माझ्या आईचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा ओतलेला. तिची पत्रं, माझी बारशाची कुंची, वडिलांच्या शाळेचा दाखला. त्यांना त्यात काय मिळणार होतं? हात लावून, बघून, तसंच टाकून गेले.

सिनेमात कॉब त्या मुलाला असाच एक डबा दाखवतो. प्रत्येकाकडे असा एक असतो म्हणतो. मग ऐटीत सांगतो की आपण वस्तू नेल्या की लोकांना कळतं आपल्याकडे काय होतं ते. वर त्यांच्याच घरात बसून वाईन पितो. मी तिथे पॉज केलं आणि बाल्कनीत जाऊन आले. राग कॉबचा आला, आणि त्याहून जास्त याचा की तो खोटं बोलत नव्हता. आईला जाऊन तेव्हा चौदा वर्षं झाली होती. तिची पत्रं मी त्या रात्री पहिल्यांदा वाचली, पलंगावरून गोळा करता करता. तरीही कॉब समोर आला तर आधी एक कानफटात, मग बोलू.

मुलीने नंतर सांगितलं की नोलानच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये चोरी झाली होती, त्यातून त्याला हे सुचलं. मग पटलं. ज्याच्याकडे झालेली नाही त्याला तो डबा सुचणार नाही.

लंडनहून

इथे येऊन नऊ वर्षं झाली. पुण्यात असताना सिनेमा पाहिला तेव्हा मला लंडन म्हणजे लाल बस आणि बिग बेन. 'फॉलोइंग'मध्ये यातलं काहीच नाही, आणि तेव्हा मला ती काटकसर वाटली होती. आता कळतं की इथे राहणाऱ्याला रोज दिसतं ते हेच. अरुंद जिने, सामाईक दार, करड्या उजेडात ओले फुटपाथ, आणि समोरच्याशी नजर न मिळवण्याची सगळ्यांची शर्थ. आपल्याकडे कुणी असं मागे मागे फिरलं तर तिसऱ्या वळणावर पानवाला विचारेल, "काय हो, कुणाकडे?" इथे कुणी विचारत नाही. गोष्टीची सगळी मदार त्यावरच आहे, आणि तेवढ्यापुरतं सांगायचं तर शहर बदललेलं नाही. बदलले ते कॅमेरे. आज तो मुलगा स्टेशनातून बाहेर पडेपर्यंत डझनभर सीसीटीव्हींत दिसला असता आणि पोलिसांना कॉबचाही चेहरा मिळाला असता. शेवटी कॉब गर्दीत विरघळतो तो शॉट आता पुराणातला वाटतो.

कोल्हापूरहून

सगळे हार घालतायत म्हणून जरा बोलते. त्या सोनेरी केसांच्या बाईला नाव नाही. श्रेयनामावलीत नुसतं 'द ब्लाँड'. नायकालाही नाव नाही म्हणाल. पण तो निदान खोटी नावं सांगतो, लिहितो, चुकतो, मार खातो. हिने काय करायचं? बारमध्ये सुंदर दिसायचं, फसवायचं, मग हातोडीने मरायचं. ल्यूसी रसेलने जीव ओतलाय, तिच्या चेहऱ्यावर शेवटी जी घाई आणि भीती दिसते ती पटकथेत नाहीच. जुन्या अमेरिकन गुन्हेपटांचा साचा उचलला, तसा बाईचा साचाही उचलला. मला खटकतं ते हे की पुढे पैसे आले, आयमॅक्स आलं, पण नोलानच्या नायकांच्या बायकांची मरायची सवय काही गेली नाही. 'मेमेंटो' आठवा, 'द प्रेस्टीज' आठवा, 'इन्सेप्शन' आठवा. त्याचं बजेट लहान होतं, हे समजून घेऊ. ही सवय पैशांची नव्हती.

औरंगाबादहून (छत्रपती संभाजीनगर म्हणा)

कोल्हापूरकर ताईंना शंभर टक्के अनुमोदन. आणखी एक भर घालतो. परदेशी डिस्कवर याची सरळ कालक्रमाने लावलेली आवृत्तीही आहे, ती मी पाहिली. पाहू नका. डाव उलगडून टेबलावर ठेवला की दिसतं, यात किती गोष्टी निव्वळ नशिबावर आहेत. त्या मुलाने नेमकं त्याच बाईच्या मागे लागायचं, नेमकी हातोडीच वापरायची, नेमकं स्वतःहून पोलिसांत जाऊन कबुली द्यायची. एक पाऊल चुकलं तर कॉबच आत. सिनेमा मागेपुढे उड्या मारतो तेव्हा आपण केस आणि सुजलेलं तोंड जुळवण्यात गुंतलेलो असतो, त्यामुळे हे विचारायला फुरसत मिळत नाही. हातचलाखीच आहे ती. पण मी चिडलो नाही. पत्ते पिसणाऱ्याचे हात बघायला मला आवडतं.

पुन्हा मी, धागा काढणारा

ठाणेकर, डेव्हिड ज्युलियनचं ते घुमणारं संगीत रात्री अकरानंतर अंगाईच आहे, तुमचा दोष नाही. दुपारी पाहा.

नाशिकच्या ताई, तुमचा पेला वाचून मी उठून स्वयंपाकघरात जाऊन आलो. का, ते सांगता येत नाही.

संभाजीनगरकर, मान्य. रॉटरडॅमच्या चित्रपट महोत्सवात १९९९ साली याला टायगर पुरस्कार मिळाला, तेव्हा तिथल्या ज्यूरीलाही फुरसत मिळाली नसावी.

मिरजकर काका, एक राहिलं. ते शेवटचे चार फोटो कसे आले?

मिरजेहून, फोटोग्राफर

तीन चांगले आले. चौथ्यात नवरीचे मामा पुढे आले, नुसता फेटा. अल्बममध्ये लावला नाही. असे न लावलेले फोटो आणि पार्टीने न नेलेल्या कॉप्या मी टाकत नसे. बुटांच्या खोक्यात ठेवायचो. दुकानाच्या माळ्यावर अशी अकरा खोकी आहेत. सिनेमा बघून झाल्यावर मुलगा शिडी लावून वर गेला, पहिलं खोकं खाली आणलं आणि विचारलं, "बाबा, हे कोण?" मला दोघांचीच नावं आठवली.