शेवटच्या शर्यतींना दुप्पट गुण: युरोपीय नॅसकारच्या 2019 च्या मोसमाच्या निमित्ताने

सुकाणू

नॅसकार या अमेरिकी मोटार-शर्यत संस्थेच्या युरोपातल्या मालिकेचा 2019 चा मोसम नेदरलँड्सच्या लॉरिस हेझेमन्सने जिंकला आणि 2017 व 2018 अशी सलग दोन विजेतेपदे मिळवणाऱ्या इस्रायलच्या अलॉन डेची घोडदौड तिथे थांबली. हेझेमन्सच्या कौशल्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझा आक्षेप नियमाला आहे. जर्मनीतील हॉकेनहाइमची उपांत्य आणि बेल्जियममधील झोल्डरची अंतिम फेरी, या दोन्ही ठिकाणी दुप्पट गुण दिले गेले. हिशेब समजावा म्हणून कल्पना करा, की मोसमात बारा शर्यती आहेत आणि शेवटच्या चारांना दुप्पट गुण आहेत. पहिल्या आठ शर्यतींचे वजन आठ आणि शेवटच्या चारांचेही आठच. वसंतापासून उन्हाळा संपेपर्यंत देशोदेशी गाड्या वाहून नेऊन कमावलेले सारे, शरद ऋतूतल्या चार दुपारींच्या तोलाचे ठरते.

त्यातही या मालिकेची रचना अशी आहे, की एकाच गाडीवर दोन चालक असतात. अनुभवी चालक पहिल्या विभागात आणि नवखे किंवा हौशी चालक दुसऱ्या विभागात उतरतात. शनिवारी दोन्ही विभागांची एकेक शर्यत, रविवारी पुन्हा तेच. म्हणजे जोडीदाराने गाडी भिंतीवर घातली, तर आपला काहीही दोष नसताना आपले नुकसान होते, आणि झोल्डरला ते दुप्पट होते. चोर सोडून संन्याशाला फाशी देणारा हा नियम आहे असे माझे ठाम मत आहे.

अंकमोड

सुकाणू, आपले गणित बरोबर आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही. नियम अन्यायकारक असता तर त्याची खूण विजेत्यांच्या यादीत उमटायला हवी होती. ज्याचे नशीब शेवटी फळफळले असा कुणीतरी दरवर्षी करंडक घेऊन गेला असता. प्रत्यक्षात 2012 मध्ये ही मालिका नॅसकारच्या छत्राखाली आली तेव्हापासून 2022 पर्यंतचे अकरा मोसम पाहा. स्पेनचा अँडर विलारिन्यो 2012, 2013 आणि 2015 मध्ये जिंकला. बेल्जियमचा अँथनी कुम्पेन 2014 आणि 2016 मध्ये, अलॉन डे 2017, 2018, 2020 आणि 2022 मध्ये, हेझेमन्स 2019 आणि 2021 मध्ये. अकरा विजेतेपदे आणि माणसे फक्त चार! सोडतीत एवढी पुनरावृत्ती होत नसते.

गतिवेध

अंकमोड यांच्याशी सहमत. त्यात एक व्यावहारिक मुद्दा जोडतो. हे छोट्या संघांचे विश्व आहे. विजेतेपद उन्हाळ्यातच निकाली निघाले, तर मधल्या फळीतला संघमालक शेवटच्या फेरीचा प्रवासखर्च वाचवण्याचा विचार करणारच. मैदानात गाड्या कमी झाल्या की प्रेक्षक कमी, आणि प्रेक्षक कमी झाले की पुढच्या वर्षीचा प्रायोजक कमी.

मोसमाच्या शेवटाला वजन देण्याची गरज अमेरिकेतल्या नॅसकारलाही भासली होती. 2003 मध्ये मॅट केन्सेथने संपूर्ण मोसमात एकच शर्यत जिंकून, पण सातत्याच्या जोरावर विजेतेपद मिळवले, तर आठ शर्यती जिंकणारा रायन न्यूमन मागे राहिला. त्याच्या पुढच्याच वर्षी, 2004 मध्ये, नॅसकारने शेवटच्या दहा शर्यतींसाठी अग्रणी चालकांचे गुण जवळजवळ एका पातळीवर आणण्याची पद्धत सुरू केली. शेवटाला वजन देणे हा या खेळाचा स्वभावच आहे.

सुकाणू

गतिवेध, मग फॉर्म्युला वनचे काय? 2014 मध्ये त्यांनी अबू धाबीच्या शेवटच्या शर्यतीला दुप्पट गुण दिले आणि टीका इतकी झाली, की पुढच्याच मोसमात तो नियम काढून टाकला. तेथे तर एका गाडीत एकच चालक असतो. अमेरिकेतलेही पुढचे पाहा. 2025 मध्ये फिनिक्सला, विजेतेपद ठरवणाऱ्या शेवटच्या शर्यतीत, डेनी हॅम्लिनचे विजेतेपद मार्गाच्या शेवटच्या काही चकरांत हुकले आणि त्या शर्यतीत एकाही चकरेत आघाडीवर नसलेला काइल लार्सन मोसमाचा विजेता ठरला. अंकमोड, आपल्या यादीवरून ते चौघे उत्तम चालक होते एवढेच सिद्ध होते. या नियमाने दुसऱ्या-तिसऱ्या स्थानावर कोणाचे किती हिरावले, ते त्या यादीत दिसत नाही.

लिंबुर्गकर

मी गेली काही वर्षे बेल्जियमच्या लिंबुर्ग प्रांतात राहतो, त्यामुळे झोल्डर मला जवळचे आहे. या मालिकेत प्रेक्षकांना गाड्यांच्या अगदी जवळ जाऊ देतात. एका शनिवारी संध्याकाळी मी एका तंबूपाशी उभा होतो. दुसऱ्या विभागातल्या मुलाने दुपारी गाडी धडकवली होती. दोन मेकॅनिक उजव्या चाकामागचा वाकलेला दांडा सोडवत होते, तिसरा बॉडीच्या तड्यावर रुंद चिकटपट्टी लावत होता. तो मुलगा हेल्मेट पोटाशी धरून गप्प उभा होता, आणि ज्याला रविवारी त्याच गाडीत बसायचे होते तो वयाने मोठा चालक, एक शब्दही न बोलता, मेकॅनिकला दिसावे म्हणून हातात दिवा धरून वाकला होता. या गाड्यांना उघडणारे दार नसते, खिडकीतून आत शिरावे लागते. तासाभराने तो असाच खिडकीतून आत गेला, गिअरचा दांडा चारही जागी हलवून पाहिला आणि अंगठा वर केला.

म्हणून सुकाणू यांचा जोडीदाराचा मुद्दा मला पटतो. पण नेमक्या त्या दुप्पट गुणांमुळेच ते पाच जण रात्री तिथे थांबले होते, हेही मी नाकारू शकत नाही.

थोडे अवांतर, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. 1997 चा फॉर्म्युला वन विजेता जाक व्हिलनव्ह 2019 चा पूर्ण मोसम या मालिकेत खेळला. 8 मे 1982 रोजी पात्रता फेरीत त्याचे वडील जिल यांचा जीवघेणा अपघात झाला, तो याच झोल्डरला. अशा ठिकाणच्या शर्यतीला गुणाकाराची गरज का भासावी?

सुकाणू

लिंबुर्गकर, त्या दिव्याच्या प्रसंगावरून एक तडजोड सुचते. गाडी दोघांची आहे, तर दुप्पट गुण संघाच्या तक्त्यात द्यावेत. दोन्ही चालकांच्या वैयक्तिक तक्त्यात झोल्डरची शर्यत पहिल्या फेरीतल्या, स्पेनमधील व्हॅलेन्सियाच्या शर्यतीएवढीच मोजावी. संघमालकाला शेवटपर्यंत येण्याचे कारण उरेल आणि चालकाला दुसऱ्याच्या चुकीची दुप्पट किंमत मोजावी लागणार नाही.

अंकमोड

संघांच्या तक्त्यासाठी तिकीट काढून येणारा प्रेक्षक मला अजून भेटलेला नाही. लोक अलॉन डेला हरताना किंवा जिंकताना पाहायला येतात. तरी एवढे मान्य करतो, की दुप्पट गुण हॉकेनहाइमला देण्याचे समर्थन मला करता येत नाही. अंतिम फेरी एकच असते. उपांत्य फेरीतला गुणाकार काढून टाकण्यास माझी हरकत नाही, झोल्डरचा मात्र ठेवावा.