विषय: भाच्याचा अमेरिकेतील जनरल सर्जरी रेसिडेन्सीचा अर्ज आणि प्रिलिमच्या जागा

प्रेषक: एक सभासद, एडिसन

स.न.वि.वि.

माझ्या भावाचा मुलगा मराठवाड्यातील एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झाला असून इंटर्नशिपनंतरची एक वर्षाची बंधपत्रित सेवाही त्याने ग्रामीण रुग्णालयात पूर्ण केली आहे. तो यूएसएमएलई या अमेरिकेतील वैद्यकीय परवाना परीक्षेची स्टेप १ आणि स्टेप २ सीके उत्तीर्ण झाला असून येत्या सप्टेंबरमध्ये रेसिडेन्सीसाठी, म्हणजे रुग्णालयातील पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी, इरास या ऑनलाइन व्यवस्थेवर अर्ज करणार आहे. त्याला सर्जनच व्हायचे आहे. दुसऱ्या कोणत्याही शाखेचा विचार तो करत नाही.

परदेशी पदवीधराला पाच वर्षांची कॅटेगोरिकल जागा मिळणे कठीण आहे, म्हणून सगळे अर्ज एका वर्षाच्या प्रिलिम जागांसाठी करावेत आणि एकदा आत शिरल्यावर पुढचे आपोआप होते, असे त्याला त्याच्या मित्रांनी सांगितले आहे. दादा आणि वहिनी यासाठी कर्ज काढायला निघाले आहेत. आमच्या घरात दुसरे कोणी डॉक्टर नसल्यामुळे हा सल्ला कितपत योग्य आहे हे आम्हाला कळत नाही. मंडळातील जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

---

प्रेषक: एक सभासद (जनरल सर्जन), ओहायो

आदरणीय ताई, नमस्कार.

आमच्या रुग्णालयाच्या रेसिडेन्सी निवड समितीवर मी काही वर्षे काम करतो आहे आणि भारतातून आलेल्या हुशार मुलांची उमेदीची वर्षे नेमक्या याच समजुतीपायी वाया जाताना पाहिली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रिलिम म्हणजे पाच वर्षांच्या शिक्षणाचे पहिले वर्ष असे मुले धरून चालतात, पण प्रत्यक्षात तसे नसते. कॅटेगोरिकल जागेवर निवड झाली आणि काम समाधानकारक राहिले, तर त्याच संस्थेत पाचही वर्षे पूर्ण होतात आणि त्यानंतर अमेरिकन बोर्ड ऑफ सर्जरीच्या परीक्षांना बसता येते. प्रिलिमचा करार मात्र एकाच वर्षाचा असतो आणि तो संपल्यावर त्या मुलाचे पुढे काय, याची कोणतीही जबाबदारी संस्थेवर राहत नाही. रेडिओलॉजी किंवा भूलशास्त्र यांसारख्या शाखेत ज्यांची पुढची जागा आधीच ठरलेली असते आणि ज्यांना त्याआधी एक वर्ष रुग्णसेवेचे शिक्षण घ्यावे लागते, त्यांच्यासाठी ही व्यवस्था सोयीची आहे. पुढची जागा ठरलेली नसलेल्यांसाठी असलेल्या, म्हणजे नॉन-डेझिग्नेटेड, जागांपैकी शेकडो जागा दरवर्षी मॅचमध्ये, म्हणजे उमेदवार आणि संस्था यांच्या पसंतीक्रमांच्या याद्या जुळवून जागा ठरवणाऱ्या पद्धतीत, रिकाम्या राहतात. त्या तुलनेने सहज मिळतात त्या यामुळेच.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती वेळापत्रकाची. प्रिलिमचे काम १ जुलैच्या सुमारास सुरू होते आणि पुढच्या मॅचसाठीचे अर्ज सप्टेंबरच्या अखेरीस संस्थांसमोर येतात. याचा अर्थ असा की, नवा देश, नवी संगणकप्रणाली, वॉर्डातील कामाचा डोंगर आणि रात्रपाळ्या यांच्याशी जुळवून घेण्यात ज्या तीन महिन्यांत कोणाचाही जीव मेटाकुटीला येतो, त्याच तीन महिन्यांत मुलाने वरिष्ठ सर्जनांवर इतकी छाप पाडायची की ते त्याच्यासाठी मनापासून शिफारसपत्र लिहितील. आठवड्याला ८० तासांची मर्यादा २००३ पासून आहे खरी, पण ती चार आठवड्यांची सरासरी आहे, आणि त्या ८० तासांत मुलाखतींसाठी वेळ काढणे प्रिलिमला कॅटेगोरिकल रेसिडेंटपेक्षा अवघड जाते. रेसिडेंटांची ॲबसाइट ही वार्षिक परीक्षा जानेवारीच्या अखेरीस असते. तिथे उत्तम गुण मिळवले तरी ते हाती येईपर्यंत मुलाखतींचा हंगाम उरकलेला असतो.

म्हणून माझा सल्ला असा की भाच्याने अर्जाचे मुख्य बळ कॅटेगोरिकल जागांवरच लावावे आणि त्यासाठी गरज पडल्यास एक वर्ष थांबावे. जानेवारी २०२२ च्या अखेरीपासून स्टेप १ चा निकाल केवळ उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढाच कळतो, त्यामुळे स्टेप २ सीकेचे गुण आणि शिफारसपत्रे यांना पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक वजन आले आहे. येथे येऊन काही आठवडे ऑब्झर्व्हरशिप केल्याची प्रमाणपत्रे आम्ही रोज पाहतो. त्यात मुलगा फक्त उभा राहून पाहत असतो, त्यामुळे त्या सर्जनने लिहिलेल्या पत्रात त्याच्या सौजन्याखेरीज फारसे काही येऊ शकत नाही. एखाद्या सर्जरी विभागात वर्षभर संशोधनाचे काम केलेल्या मुलाविषयी तेथील सर्जन जे लिहितो, म्हणजे चुकीची आकडेवारी स्वतः शोधून दुरुस्त केली, अवघड रुग्णाविषयी योग्य प्रश्न विचारला, दिलेली मुदत पाळली, ते पत्र समितीत वाचले जाते तेव्हा खोलीतले सगळे लक्ष देतात. एका संस्थेला जास्तीत जास्त चार पत्रे पाठवता येतात. त्यांतले एक जरी अशा तऱ्हेचे असले तरी फरक पडतो.

संस्था निवडताना प्रत्येक सर्जरी विभागाच्या संकेतस्थळावरील सध्याच्या रेसिडेंटांची यादी त्याने नीट वाचावी. गेल्या काही वर्षांत एकही परदेशी पदवीधर तेथे कॅटेगोरिकल जागेवर नसेल, तर त्या अर्जाचे शुल्क वाचवलेले बरे, कारण अर्जांची संख्या वाढली की प्रत्येक अर्जामागचे शुल्कही वाढते. पसंती दर्शवणारे जे मोजके सिग्नल इरासमध्ये मिळतात, तेही नामांकित विद्यापीठांवर उधळू नयेत.

क्रमवारीच्या यादीविषयी गैरसमज फार आहेत, म्हणून तेही लिहितो. मॅचची सध्याची गणनपद्धती १९९८ पासून वापरात आहे. ती तयार करणाऱ्यांपैकी ॲल्विन रॉथ यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ती उमेदवाराच्या पसंतीपासून सुरू होते, त्यामुळे आपल्याला कोण घेईल याचा अंदाज बांधून क्रम लावण्यात काहीच लाभ नाही. मनातला खरा क्रम लावावा, सर्व कॅटेगोरिकल जागा वर ठेवाव्यात, आणि प्रिलिम ठेवायच्याच असतील तर त्यांच्या खाली ठेवाव्यात. यादीतील जागा मिळाली की ती बंधनकारक असते, हे घरच्या सर्वांना ठाऊक असू द्यावे.

आणखी एक. नीट-पीजीत एमएस जनरल सर्जरीची जागा मिळण्याजोगे गुण त्याला पडत असतील, तर ती जागा त्याने हातची सोडू नये, असे माझे ठाम मत आहे. आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयात तीन वर्षे काम केलेल्या मुलाने फुटलेले आतडे, अडकलेला हर्निया आणि अपघातातील पोटाच्या जखमा ज्या संख्येने हाताळलेल्या असतात, तो अनुभव येथे सुरुवातीच्या वर्षांत मिळत नाही. अर्थात ते शिक्षण येथे जसेच्या तसे धरले जात नाही, रेसिडेन्सी पहिल्यापासून करावी लागते, आणि एमबीबीएसला किती वर्षे झाली हेही अनेक संस्था पाहतात. हा तोटा मला मान्य आहे. तरीही हातात पूर्ण झालेले शल्यशिक्षण असणे मला अधिक सुरक्षित वाटते.

---

प्रेषक: एक सभासद (सर्जरी रेसिडेंट, तिसरे वर्ष), पेनसिल्व्हेनिया

काका, आपल्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे, परंतु प्रिलिमविषयी थोडे वेगळे मत मांडण्याची परवानगी असावी. मी स्वतः प्रिलिम म्हणून सुरुवात केली आणि त्याच संस्थेत दुसऱ्या वर्षाची कॅटेगोरिकल जागा रिकामी झाल्यावर मला ती मिळाली. दरवर्षी काही रेसिडेंट शाखा बदलतात किंवा सोडून जातात, त्या जागा प्रामुख्याने वसंत ऋतूत खुल्या होतात, आणि सर्जरीच्या कार्यक्रम संचालकांच्या संघटनेच्या संकेतस्थळावर त्यांची यादी येते. त्या वेळेपर्यंत ॲबसाइटचे गुणही हाती आलेले असतात आणि वर्षभर काम पाहिलेले सर्जन दुसऱ्या संस्थेत स्वतःहून फोन करतात. मात्र माझ्याबरोबरच्या सगळ्याच प्रिलिमना असे यश आले नाही, हेही मी स्पष्टपणे सांगते.

त्यामुळे ताई, भाच्याने प्रिलिम पूर्णपणे नाकारू नये, पण मुलाखतीत दोन प्रश्न अवश्य विचारावेत. गेल्या काही वर्षांतील प्रिलिम रेसिडेंट पुढे कोठे गेले, हा पहिला. ज्या संस्थेला या मुलांविषयी आस्था असते ती नावानिशी सांगते, आणि ज्या संस्थेला केवळ वॉर्डातील कामासाठी माणसे हवी असतात तिथे उत्तर मोघम येते. प्रिलिमना शस्त्रक्रियागृहात किती जाऊ दिले जाते, हा दुसरा. पाच वर्षांअखेर बोर्डाला किमान ८५० शस्त्रक्रियांची नोंद लागते, त्यांतील २०० शेवटच्या वर्षी चीफ रेसिडेंट म्हणून केलेल्या असाव्या लागतात. पहिले वर्ष नुसते डिस्चार्जचे कागद करण्यात गेले, तर दुसऱ्या वर्षाची जागा मिळूनही तो मागे पडतो.

एमएसपीई, म्हणजे अधिष्ठात्यांचे मूल्यमापनपत्र, हा प्रकार आपल्याकडच्या बऱ्याच महाविद्यालयांत परिचयाचा नसतो. त्याचा मसुदा कसा असतो हे कार्यालयात जाऊन समजावून सांगावे लागते, स्वाक्षरीसाठी पुन्हा पुन्हा जावे लागते, आणि ऑगस्टपर्यंत थांबले तर धावपळ होते.

---

प्रेषक: एक सभासद, एडिसन

आपण दोघांनी इतका वेळ काढलात, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. एक शंका राहिली. प्रिलिम जागा स्वीकारली आणि वर्षअखेर पुढची जागा मिळाली नाही, तर त्याच्या व्हिसाचे काय होईल?

---

प्रेषक: एक सभासद (जनरल सर्जन), ओहायो

ताई, बहुतेक परदेशी रेसिडेंट जे-१ व्हिसावर असतात. त्यासाठी ईसीएफएमजी या परदेशी वैद्यकीय पदवीधरांना प्रमाणित करणाऱ्या अमेरिकी संस्थेचे प्रायोजकत्व दरवर्षी नव्याने घ्यावे लागते आणि ते हातातील कराराशी बांधलेले असते. करार संपला आणि नवा मिळाला नाही, तर आवराआवरीला ३० दिवस मिळतात आणि त्यानंतर देश सोडावा लागतो. शिवाय या व्हिसावर शिक्षण घेतल्यावर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट लागू होते. डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात काम करून तिच्यातून सूट मिळू शकते, पण तो विचार रेसिडेन्सी पूर्ण झाल्यानंतरचा आहे. जे-१ साठी भारताच्या आरोग्य मंत्रालयाचे गरजपत्रही, म्हणजे देशाला या शाखेच्या डॉक्टरांची गरज असल्याचे पत्रही, लागते. ते मिळण्यास वेळ लागतो, म्हणून मार्चमध्ये मॅचचा निकाल कळताच त्याने त्यामागे लागावे.

दादांनी कर्जावर सही करण्यापूर्वी भाच्याला माझ्याशी एकदा बोलू द्यावे, अशी विनंती आहे. माझा क्रमांक मी आपल्याला स्वतंत्रपणे कळवतो. रविवारी भारतातील संध्याकाळी मी मोकळा असतो. बोलण्यापूर्वी त्याने आपला सीव्ही आणि अर्जातील वैयक्तिक निवेदनाचा मसुदा पाठवावा, म्हणजे मला ते आधी वाचून ठेवता येईल.