मदत हवी आहे: डीएनएची एक साखळी सलग आणि दुसरी तुकड्यातुकड्यात का कॉपी होते?

नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितोय. मुलगी बारावी सायन्सला आहे, सध्या डीएनएची कॉपी शिकवायलेत, रात्री जेवणं झाली की ती मला सांगत बसते आणि मी यंत्रमागावर आयुष्य काढलेला माणूस, दहावीपर्यंतच शिकलो पण हे ऐकायला लई आवडतं.

अर्धं नीट कळलं. डीएनएची अक्षरं चार, ए, टी, जी, सी; ए समोर टीच आणि जी समोर सीच बसतं, म्हणजे एक साखळी हातात असली की समोरची काय असणार ते ठरूनच गेलं. मधले बंध नाजूक, ए-टीत दोन, जी-सीत तीन, म्हणून साखळ्या न तुटता मधून उघडतात आणि दोघींसमोर नवी जोडीदार विणली जाते. १९५८ मध्ये मेसेल्सन आणि स्टाल यांनी जड नायट्रोजनवर बॅक्टेरिया वाढवून दाखवलं की नव्या डीएनएत खरंच एक साखळी जुनी, एक नवी. किती सुंदर आहे हे!

अडलंय पुढं. दोन्ही साखळ्यांची दिशा उलट आणि पॉलिमरेज, म्हणजे नवी साखळी विणणारं एन्झाइम, साखळीच्या फक्त ३ प्राईम नावाच्या टोकालाच अक्षर जोडतं, म्हणून एकीवर सलग काम आणि दुसरीवर छोटे छोटे तुकडे, त्यांना ओकाझाकी तुकडे म्हणतात, ते नंतर लायगेज नावाचं दुसरं एन्झाइम सांधतं. आता आमच्या मागाचा धोटा जाताना पण बाणा, म्हणजे आडवा धागा, टाकतो आणि येताना पण. मग ह्याला उलटं का जमत नाही? पोरगी म्हणते पप्पा, पुस्तकात एवढंच दिलंय.

प्रतिसाद:
काका, प्रश्न एकदम मुद्द्याचा आहे. येणारं प्रत्येक अक्षर तीन फॉस्फेट घेऊन येतं, त्यातले दोन सुटतात आणि त्याच ताकदीवर जोड बसतो. चुकीचं अक्षर लागलं तर पॉलिमरेज ते काढून टाकतं, पुढचं अक्षर स्वतःची ताकद घेऊन येतंच, काम चालू राहतं. उलट दिशेनं साखळी वाढली असती तर ती ताकद साखळीच्या टोकावर असती, चुकलेलं अक्षर काढलं की तीही गेली, काम तिथंच ठप्प.

धागाकर्ता:
म्हणजे चूक उसवता यावी म्हणून! मागावर पण चुकलेला बाणा काढूनच पुढं जावं लागतं. लई आभार, पोरीला आत्ताच उठवून सांगितलं. तिनं लगेच विचारलं, प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला आरएनएचा प्रायमर, म्हणजे सुरुवात करून देणारा छोटा तुकडा, असतो, तो नंतर काढतात, मग अगदी शेवटच्या टोकाला राहिलेली जागा कोण भरतं?