विडी कामगार महिलांच्या फुफ्फुसविकाराचा सीटी स्कॅनद्वारे अभ्यास : मदत हवी आहे

सोलापूरच्या पूर्व भागात मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या, पण स्वतः कधीही धूम्रपान न केलेल्या महिलांमधील सीओपीडीवर (श्वासमार्ग कायमचे अरुंद होण्याच्या फुफ्फुसविकारावर) मी पदव्युत्तर प्रबंध लिहीत आहे. तंबाखूची धूळ, पूर्वीच्या चुलीचा धूर आणि काहींना होऊन गेलेला क्षयरोग यांचे परिणाम नुसत्या स्पायरोमेट्रीवरून (नळीत फुंकून करायच्या श्वासक्षमतेच्या चाचणीवरून) वेगळे काढता येत नाहीत. म्हणूनच मला सीटी स्कॅनची जोड हवी आहे.

धूम्रपान करणाऱ्यांत एम्फिसीमा (फुफ्फुसातील हवेच्या सूक्ष्म पिशव्या नष्ट होणे) अधिक आढळतो, तर चुलीच्या धुरामुळे झालेल्या विकारात श्वासनलिकांच्या भिंती जाड होणे आणि हवा अडकून राहणे अधिक दिसते. श्वास भरून घेतलेल्या स्कॅनमध्ये उणे ९५० हाउन्सफील्डच्या (सीटी स्कॅनमधील घनतेचे एकक) खालचा भाग मोजून एम्फिसीमाचा अंदाज येतो. अडकलेल्या हवेसाठी मात्र श्वास पूर्ण सोडल्यावर दुसरा स्कॅन लागतो आणि त्यात उणे ८५६ ही मर्यादा धरतात. या दुसऱ्या स्कॅनमुळे स्तनांना मिळणारा किरणोत्सर्ग वाढतो, याची मला मनापासून काळजी वाटते, कारण या महिला उपचारासाठी नव्हे, तर अभ्यासासाठी येणार आहेत.

ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया सांगावे : दुसरा स्कॅन कमी मात्रेत घेतल्यास मोजमाप विश्वासार्ह राहते का? अनेकींना तेलुगू अधिक जवळची असल्याने श्वास सोडण्याचा सराव आधी कसा करून घ्यावा? आणि थ्रीडी स्लायसर या मोफत सॉफ्टवेअरने आखलेली फुफ्फुसाची सीमा, क्षयाचे व्रण असल्यास, हाताने कितपत दुरुस्त करावी लागते?