आंबोलीच्या उडत्या बेडकाला फोटोसाठी हात लावायचाच का?

रानवाट: पाऊस लागला की आंबोलीत रात्री बॅटऱ्या घेऊन घोळके फिरतात. मलबारी उडता बेडूक बोटांमधला नारिंगी पडदा ताणून 9 ते 12 मीटर झेपावतो. ती झेप कॅमेऱ्यात यावी म्हणून त्याला पुन्हा पुन्हा पकडून फांदीवर बसवतात. माझं मत सरळ आहे: पावसाळ्यात बेडकाला आणि फांदीला हात लावायला सक्त मनाई हवी. मोडेल त्याची टूर बंद. मादी पाण्यावर झुकलेल्या फांदीवर स्राव मागच्या पायांनी घुसळून फेसाचं घरटं करते, वर पानं गुंडाळते. अंडी फुटली की पिल्लं थेट खालच्या डबक्यात पडतात. फ्रेमसाठी फांदी ओढून बाजूला बांधली, तर पडतील चिखलात.

सड्यावरचा: मी इथलाच. गाईडिंगमुळे गावातल्या पोरांना पावसाळ्यात चार पैसे मिळतात. हा बेडूक केरळपर्यंत सह्याद्रीभर आहे, आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संस्थेच्या यादीत धोक्यात नाही. कॅमेऱ्याने तो संपणार नाही, डबक्यावरचं झाड गेलं की संपेल. विहिरीला सिमेंटचा कठडा घालताना वरच्या फांद्या छाटतात, त्यावर कोणी बोलत नाही!

मृगधारा: दादा, यादीचा आधार इथे पुरत नाही. त्याच परिसरातला आंबोली टोड, म्हणजे जमिनीवरचा भेक, अतिसंकटग्रस्त आहे. 2009 मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली, आणि तो अंडी घालतो सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, उथळ डबक्यात. बॅटरी वर झाडावर रोखून चालणाऱ्याचा बूट नेमका तिथेच पडतो.

सड्यावरचा: रात्री सड्यावर गट नेऊ नयेत, हे शंभर टक्के पटतं. पण टूर बंद केल्या तर गाईड घरी बसतील आणि परस्पर येणारे मोकाट फिरतील. हाताला डासांचं मलम लावून बेडूक उचलणाऱ्याला आज अडवतो कोण? आम्हीच. त्याची कातडी सगळं शोषून घेते, हे पाहुण्याला माहीत नसतं.

रानवाट: फांद्या छाटण्याचा मुद्दा मान्य, त्यावरही लिहायला हवं. पण हात लावू दिला नाही म्हणून पैसे कापणारे पाहुणे असतात, तेव्हा काय करता?

सड्यावरचा: मी पैसे आधीच घेतो. फांदी वाकवायला सांगितली तर गट माघारी आणतो.

रानवाट: तुम्ही आणता. सगळे आणत नाहीत, म्हणून लेखी नियम हवा.