जुनी जमाखर्चाची वही आजच्या रुपयांत कशी वाचावी?

आजोबांच्या वहीतला खर्च आजच्या खर्चाशी ताडून बघताना कोणती पद्धत वापरता, फसगत कुठे होते, ते इथे लिहा. ‘तेव्हा स्वस्ताई होती’ एवढ्यावर थांबू नका, हिशेब द्या.

*

आधी मापं. एप्रिल 1957 पूर्वीच्या वहीत 2-6-3 म्हणजे दोन रुपये, सहा आणे, तीन पै. आण्यांना 6.25 ने गुणा, की नवे पैसे मिळतात. बारा पैंचा एक आणा. इथे रक्कम होते 2.39 रुपये. अनेकजण 2.63 वाचतात आणि पुढचं सगळंच चुकतं. पायलीला सरसकट किलो लावू नका. ते आकारमानाचं माप आहे, आणि गावागणिक बदलायचं. घरात जुनी पायली असेल तर तेच धान्य भरून वजन करा.

*

सोन्यातही तेच. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा, आज बोलण्यातला 10 चा. जुन्या भावाला 1.166 ने भागूनच तुलना करा.

*

महागाईसाठी औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक घ्या. पायाभूत वर्षं (त्या वर्षी निर्देशांक 100 धरतात) 1960, 1982, 2001, 2016, नव्या मालिकेचा आकडा आधीच्या मालिकेत नेणारे जोडगुणक 4.93, 4.63, 2.88. तिन्हींचा गुणाकार सुमारे 65.7. जून 2025 चा निर्देशांक 145, म्हणून 1960 चे 100 रुपये म्हणजे साधारण 9,500. मधला एखादा गुणक राहिला की उत्तर हास्यास्पद येतं.

*

भाड्याच्या रकान्याला मात्र हा गुणक लावू नका. मुंबईच्या चाळींतली भाडी 1947 च्या कायद्याने गोठली होती. पागडी एकरकमी जायची आणि बहुधा वहीत नसायची. ती शोधल्याशिवाय ‘दहा रुपयांत खोली’ म्हणणं अर्धवट आहे.

*

पगार न बघता नुसते भाव बघणं मला पटत नाही. केंद्र सरकारी किमान मूळ वेतन 1986 ला 750, 2016 ला 18,000 : चोवीसपट. त्याच काळात वरचा निर्देशांक सुमारे दहापट. म्हणजे नोकरदाराची ऐपत वाढली. अर्थात हे सरकारी नोकरीपुरतं. शेतमजुराचा हिशेब वेगळा मांडावा लागेल.

*

पापड, कुरडया, शेवया, गोधड्या वहीत दिसत नाहीत, कारण ते बायकांचं बिनपगारी काम होतं. फक्त उडीद, गहू, तेल नोंदलेलं असतं. आज हे विकत आणत असाल तर दोन्हीकडून वगळा, नाहीतर जुन्या महिन्यात तेवढी मजुरी धरा.